आटे ३९ मिलिमीटरचे, पण लेन्स कुणाची?

खिडकीतून पाहत अंतर जुळवून फोकस करायचा फिल्म कॅमेरा म्हणजे रेंजफाइंडर. जर्मन लायका कॅमेऱ्यांत ही खिडकी आणि लेन्स यांची जोडणी १९३२ च्या लायका-२ मध्ये झाली. १९५४ च्या लायका एम-३ ने लेन्स बसवायचे आटे सोडून बायोनेट, म्हणजे थोडे फिरवून अडकवायची खाच, आणले. आज जुना कॅमेरा निवडताना घोळ होतो तो मात्र त्या सोडलेल्या आट्यांचाच.

जळगाव-धुळ्यात बसून मागवायला परवडतात ते बहुधा सोव्हिएत झोर्की आणि फेड हे आट्यांचे रेंजफाइंडर. सोबतच्या लेन्सवर विकणारा नुसते 'एम-३९', म्हणजे ३९ मिलिमीटरचे आटे, एवढेच लिहितो. या शब्दाने फसगत होते. झोर्कीत लेन्सच्या बैठकीपासून फिल्म २८.८ मिलिमीटरवर असते. झेनिट या एसएलआरलाही (आरशातून लेन्समधलेच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यालाही) १९५२ पासून हेच आटे दिले गेले, पण मध्ये आरसा असल्याने तिथे अंतर ४५.२ मिलिमीटर. झेनिटची लेन्स झोर्कीवर छान बसते आणि एकही फोटो स्पष्ट येत नाही. लेन्स उलटी करून पाहावी. आट्यांच्या आत गुळगुळीत कडी हवी. फोकस फिरवला की तीच कॅमेऱ्यातली, खिडकीला जोडलेली दांडी ढकलते. कडी नसेल तर लेन्स बहुधा झेनिटची समजावी.

दुसरा घोळ ज्युपिटर-८ ही सोव्हिएत लेन्स लायकावर लावण्याचा. जवळचा चेहरा एफ-२ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून, घेतला की फोकस चुकतो. कारखान्याचा ढिसाळपणा म्हणून लोक हात झटकतात, मला ते पुरेसे वाटत नाही. लायकाची खिडकी ५१.६ मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सशी जुळवलेली, सोव्हिएत लेन्स मात्र कॉन्टॅक्स या दुसऱ्या जर्मन कॅमेऱ्याप्रमाणे ५२.४ ची. मापच वेगळे. दूरचे दृश्य जुळते, जवळचे नाही. म्हणून ज्युपिटर झोर्कीवरच ठेवावी.

तिसरा घोळ बॅटरीचा. मेकॅनिकल, म्हणजे बॅटरीविना चालणारा, म्हणून विकला जाणारा १९६६ चा जपानी रेंजफाइंडर याशिका इलेक्ट्रो बॅटरी संपली की शटरच्या १/५०० सेकंद या एकाच वेगावर चालतो. १९७२ च्या कॅनन कॅनोनेट जी-३ चे सगळे वेग बॅटरीविना चालतात, फक्त उजेड मोजणारा मीटर बंद पडतो. 

आपल्याकडे खरी भीती उन्हाची. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो, झोर्की आणि एम-३ दोन्हींचे फिल्मपुढचे शटरचे पडदे कापडी. रावेरच्या केळीबागेत झाकण न लावता कॅमेरा सूर्याकडे तोंड करून बांधावर ठेवला, तर लेन्स भिंगासारखे काम करते आणि पडद्याला भोक पडते. घेण्याआधी लेन्स काढावी, मागची बाजू उघडावी आणि अंधाऱ्या खोलीत समोरून टॉर्च मारावा. पडद्यात उजेडाचा ठिपका दिसला तर पडदा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावे.