व्यवसायजन्य ॲलर्जिक त्वचाशोथ

कामात हाताळाव्या लागणाऱ्या रसायनांविरुद्ध प्रतिरक्षा यंत्रणेची प्रतिक्रिया होऊन त्वचेला येणारी दाहयुक्त सूज. आम्ले, क्षार, विद्रावके यांच्या थेट माऱ्याने होणारा क्षोभजन्य त्वचाशोथ याहून वेगळा व अधिक आढळणारा आहे. गवंड्यांच्या हातांवर मात्र दोन्ही अनेकदा एकत्र दिसतात, कारण क्षोभाने भेगाळलेल्या त्वचेतून ॲलर्जीकारक द्रव्य सहज आत शिरते.

अशी द्रव्ये साधारणतः ५०० डाल्टनहून कमी रेणुभाराची असतात व त्वचेतील प्रथिनांशी जोडली गेल्यावरच परकी ठरतात. मग लसीका ग्रंथींत त्यांना ओळखणाऱ्या टी कोशिका (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) तयार होतात. या संवेदीकरणास दोन आठवडेही पुरतात. पण वर्षानुवर्षे निर्धास्तपणे हाताळलेले द्रव्यही एखाद्यास पुढे बाधते. त्यानंतर अल्प संपर्कानेही एक ते तीन दिवसांत खाज, लाली व पुटकुळ्या उठतात. ही संवेदनशीलता बहुधा जन्मभर राहते.

निदानासाठी पट्टी चाचणी करतात. संशयित द्रव्य पाठीवर ४८ तास चिकटवून त्वचेची पाहणी दोनदा तरी करावी लागते, कारण उशिरा उमटणारी प्रतिक्रिया पहिल्या पाहणीत निसटते. चाचणीचे जनकत्व सामान्यतः जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांना देतात. पाऱ्याच्या ॲलर्जीवरील निरीक्षणे त्यांनी १८९५ मध्ये ग्राझ येथे मांडली. रसायनशास्त्रज्ञ स्टेडलर यांनी मात्र १८४७ च्या सुमारास काजूच्या टरफलातील द्रव्य कागदाच्या पट्टीने त्वचेवर लावून पाहिले होते. त्यांचा रोख द्रव्याच्या गुणधर्मावर होता, रुग्णाच्या आजाराच्या कारणावर नव्हता. त्यामुळे याडासोन यांचाच मान अधिक सयुक्तिक वाटतो.

सिमेंटातील षट्संयुजी क्रोमियम (क्रोमेट) हे ॲलर्जीकारक द्रव्य त्वचा भेदते. फेरस सल्फेट मिसळल्यास त्याचे क्षपण (इलेक्ट्रॉन मिळून संयुजा घटणे) होऊन अल्प विद्राव्य त्रिसंयुजी रूप बनते. डेन्मार्कने हा उपाय १९८० च्या दशकाच्या आरंभी अवलंबिला. युरोपीय संघात २००५ पासून दशलक्षांत २ भाग ही मर्यादा आहे. तेथे रुग्ण घटले त्याचे श्रेय काही अभ्यासक यांत्रिकीकरणास देतात. तथापि क्रोमेट कमी झाल्याचा वाटा मोठा मानणे योग्य दिसते.

केसांच्या रंगातील पॅराफिनिलीनडायअमीन, इपॉक्सी रेझिने, निकेल व रबर पक्के करण्यासाठी त्यात मिसळले जाणारे थायुरॅम हीही परिचित कारणे होत. थायुरॅम रबरी हातमोज्यांतही असते. दंतवैद्यकातील मेथॅक्रिलेटे (दात भरण्याच्या रेझिनांतील रसायने) तर पातळ हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जातात; म्हणून तेथे द्रव्याला हात न लावता काम करण्याची पद्धत हातमोज्यांपेक्षा अधिक भरवशाची ठरते.