सरकलेली गादी आणि तिला खाणाऱ्या पेशी

“मानेची गादी सरकली, नस दबली” असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग ती परत जागेवर बसवता येत नाही का? नाही, कारण ती सरकलेलीच नसते. या गादीला, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीला, बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत पाणीदार गर. कडं चिरलं की गर बाहेर येऊन मज्जातंतूच्या मुळाला टेकतो आणि कळ थेट हातात उतरते. मानेत मणके ७, पण मुळांच्या जोड्या ८. म्हणून पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती सहाव्या मुळाला छळते आणि मुंग्या अंगठ्याला येतात; त्याखालची सातव्याला, तेव्हा मधल्या बोटाला.

खरी गंमत पुढे आहे. या गरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे आपल्याच प्रतिकारयंत्रणेशी त्याची ओळख नसते. बाहेर पडला की तो परका ठरतो. दाह सुरू होतो, आणि दुखण्यात दाबाइतकाच या दाहाचाही हात असतो. पण त्याच दाहामुळे तुकड्यात नव्या केशवाहिन्या शिरतात, त्यांतून भक्षकपेशी येतात, विकरं सोडून गर विरघळवतात आणि गिळतात. पूर्ण सुटलेला मोठा तुकडा रक्ताच्या हद्दीत पडलेला असतो, म्हणून तो नाहीसा होण्याची शक्यता जास्त. कड्याआडचा साधा फुगवटा बऱ्याचदा तसाच राहतो. एमआरआयमध्ये भयंकर दिसणारंच पुष्कळदा आधी आटतं!

म्हणून बहुतेकांना काही आठवड्यांत-महिन्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. तोवर वेदनाशामकं, व्यायाम, आणि पट्टा लावलाच तर थोडेच दिवस, नाहीतर स्नायू ढिले पडतात. मुळाजवळचं स्टेरॉइडचं इंजेक्शन दाह शमवतं, तुकडा हलवत नाही. मान कडकन मोडून ‘गादी बसवणारे’ही तो हलवत नाहीत. तो आवाज सांध्यातल्या वायूचा. क्वचित मानेतली धमनी फाटून पक्षाघात होतो, तो मात्र खरा.

हाताची ताकद कमी होत चालली किंवा कळ महिनोन्‌महिने हटेना, तर शस्त्रक्रिया. १९५०च्या दशकापासून रुळलेली पद्धत म्हणजे गळ्याच्या पुढून चकती काढून दोन मणके जोडणं. हालचाल टिकावी म्हणून आता काहींना कृत्रिम चकतीही बसवतात. पण शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जूच दाबला गेलेला असू शकतो. तिथे भक्षकपेशींची वाट पाहत बसायचं नसतं, लगेच डॉक्टर गाठायचा.