डॉल्फिनेरियम

डॉल्फिन, ओर्का (किलर व्हेल), बेलुगा (पांढरा देवमासा) यांसारखे समुद्री सस्तन प्राणी हौदात ठेवून, तिकीट लावून त्यांच्या कसरती दाखवण्याची जागा. मत्स्यालयात मासे काचेमागे नुसते पोहतात. इथे प्राण्याला शिट्टीबरहुकूम काहीतरी करून दाखवावे लागते. फ्लॉरिडातील मरीन स्टुडिओज १९३८ मध्ये सुरू झाले, तिथून या धंद्याची वाढ झाली. पुढे ओर्काही पकडून आणले जाऊ लागले.

नैतिकतेचा प्रश्न बहुतेकदा हयगय करणाऱ्या मालकांपाशीच अडकतो. खरी अडचण त्याच्या आधीची आहे. निगा उत्तम असली, पैसा आणि पशुवैद्य हाताशी असले, तरी हौद हा हौदच राहतो.

जागेचेच पाहा. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार बॉटलनोज डॉल्फिनच्या हौदाची किमान रुंदी ७.३२ मीटर आणि खोली १.८३ मीटर असली की पुरते. प्राण्याची सरासरी लांबी २.७४ मीटर धरलेली आहे. म्हणजे अडीच-तीन अंगांएवढ्या रुंदीत वळायचे आणि उभे राहिले तर शेपूट तळाला टेकून डोके पाण्याबाहेर. ओर्कासाठी हेच आकडे १४.६३ आणि ३.६६ मीटर आहेत. मोकळ्या समुद्रात ओर्का दिवसाला शंभर किलोमीटरही कापतो. ज्याची लांबीच सात मीटर धरली आहे, त्याला खोली साडेतीन मीटर! हौदात तो बराचसा दिवस पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत काढतो. बंदिवासातील प्रौढ नर ओर्काचा पाठीवरचा पर बहुधा एका बाजूला लोळलेला असतो, तो याच जगण्याचा भाग मानला जातो.

पाण्याचा पेच सहज सुटत नाही. प्राण्यांचे मूत्र आणि विष्ठा त्याच पाण्यात जाते. जंतू मारायला क्लोरीन घातला की त्याचा मूत्रातल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी संयोग होऊन क्लोरामाइन बनते आणि डोळे व कातडी चुरचुरतात. क्लोरीन कमी केला की विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू वाढतात. त्यांची अमेरिकन मर्यादा १०० मिलिलिटरला १,००० आहे. प्रेक्षकांना पाणी काचेसारखे नितळ हवे असते, म्हणून हात साहजिकच औषधाकडे जातो.

खाणे गोठवलेले असते: हेरिंग, कॅपेलिन, बांगडा. मासे उणे १८ अंशांवर ठेवायचे, शीतकपाटात हळूहळू सुटू द्यायचे आणि बाहेर काढल्यापासून २४ तासांत खाऊ घालायचे. बांगडा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होते आणि विषबाधा होते. त्यातही काही माशांमध्ये थायमिन (म्हणजे ब१ जीवनसत्त्व) नष्ट करणारे विकर असते, म्हणून दर किलो माशामागे साधारण २५ ते ३५ मिलिग्रॅम ब१ जीवनसत्त्व आणि १०० आंतरराष्ट्रीय एकक ई जीवनसत्त्व गोळ्यांच्या रूपाने माशाच्या कल्ल्यात खुपसून द्यावे लागते. डॉल्फिन समुद्राचे पाणी पीत नाही, त्याला पाणी माशातूनच मिळते. गोठवून सुटलेल्या माशातले पाणी गळून गेलेले असते, म्हणून जिलेटिनचे तुकडे किंवा नळीने पाणी देतात. ज्या प्राण्याने स्वतः मासा हेरून पकडायचा, त्याची सगळी न्याहारी ही अशी बादलीतून येते.

कसरती शिकवताना मारहाण होतेच असे नाही. मुख्य साधन मासाच असतो. प्राण्याने हवी ती हालचाल केली की त्याच क्षणी शिट्टी, आणि शिट्टीनंतर घास. दिवसाचे रेशन प्रयोगांत वाटलेले असते. ज्याचे पोट प्रयोगावर चालते, तो 'आवडीने उडी मारतो' हे विधान तपासायला जागाच उरत नाही.

शरीरावरच्या खुणा अधिक स्पष्ट बोलतात. कंटाळलेले ओर्का हौदाच्या सिमेंटच्या कडा आणि लोखंडी फाटक चावतात, त्याने दात झिजून आतला गर उघडा पडतो. मग दाताला भूल न देता भोक पाडून आत रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवावे लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९ बंदिस्त ओर्कांच्या अभ्यासात प्रत्येकाच्या दातांत काही ना काही इजा आढळली आणि ६० टक्क्यांहून अधिक ओर्कांच्या दातांना भोके पाडलेली होती. हे कुठल्या बकाल सर्कशीतले नव्हे.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील पेन कोव्ह खाडीत ओर्कांचा कळप जाळ्यांनी कोंडला गेला. पाच जण बुडून मेले. पकडलेल्या पिल्लांपैकी टोकिटे ऊर्फ लोलिता मायामीला गेली. तिचा मुख्य हौद सुमारे ८० फूट लांब, ३५ फूट रुंद, २० फूट खोल होता; ती स्वतः २० फुटांच्या वर होती. ओर्काला ४८ फूट रुंदी हवी, असा नियम होताच. हौदातल्या सिमेंटच्या चौथऱ्यामागचे पाणीही मोजून तो हौद वर्षानुवर्षे नियमात बसवला गेला. १९८० मध्ये ह्यूगो हा तिचा जोडीदार मेला. त्यानंतर तिला ओर्काची सोबत मिळालीच नाही. १८ ऑगस्ट २०२३ रोजी ती मायामीतच मेली, समुद्रात परत नेण्याच्या बेताची चर्चा चालू असताना.

माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे. आइसलँडजवळ १९८३ मध्ये पकडलेल्या टिलिकम या नर ओर्काशी तीन मृत्यू जोडले गेले: १९९१, १९९९ आणि २४ फेब्रुवारी २०१०. शेवटचा मृत्यू सीवर्ल्ड या अमेरिकी उद्यानसाखळीच्या ऑर्लँडोतील उद्यानातल्या प्रशिक्षिका डॉन ब्रँचो यांचा. त्यावरच्या वादानंतर २०१६ मध्ये सीवर्ल्डने ओर्कांची पैदास थांबवल्याचे जाहीर केले. कॅनडाने २०१९ मध्ये देवमासे व डॉल्फिनांचा बंदिवास कायद्याने संपवायला घेतला. ब्रिटनने तशी बंदी न घालता हौदांचे निकष कडक केले. शेवटचे डॉल्फिनेरियम १९९३ मध्ये बंद झाले.

भारतात चेन्नईजवळ १९९८ मध्ये बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले. पुढे केरळ, दिल्ली परिसर आणि महाराष्ट्रात नवे प्रस्ताव आले, तेव्हा १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून असे प्रस्ताव फेटाळण्यास राज्यांना सांगितले. डॉल्फिनांना 'मानवेतर व्यक्ती' मानावे, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे त्यात नमूद आहे. भारताने डॉल्फिनला कायद्याने व्यक्ती ठरवले, असे जे लिहिले जाते ते चुकीचे. बंदी मात्र खरी आहे. मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणीच्या 'सी वर्ल्ड' प्रकल्पाला गावकऱ्यांनी विरोध केला, तो मुख्यतः जमिनीसाठी. तिथल्याच किनाऱ्याला पाठीवर कुबड असलेले हम्पबॅक डॉल्फिन मोकळे फिरतात. ते पाहायला जाणाऱ्यांनी होडीवाल्याला इंजिन मंद ठेवायला, कळपाच्या वाटेत होडी न घालायला आणि तीन-चार होड्यांनी मिळून घेराव न करायला सांगावे. पिल्लू सोबत असेल तर लांबूनच परतावे.

बंदिवास थांबवायचा म्हणजे आधी समुद्रातून पकडणे आणि हौदात पैदास करणे बंद करावे लागते. आज हौदात असलेल्यांना नुसते सोडून देता येत नाही. केइको हा ओर्का मेक्सिकोतून ओरेगनला, १९९८ मध्ये आइसलँडच्या खाडीत आणि २००२ मध्ये मोकळ्या समुद्रात गेला. तो नॉर्वेपर्यंत पोहत गेला, पण जंगली कळपात मिसळला नाही. माणसांच्या जवळ राहिला आणि डिसेंबर २००३ मध्ये मेला. शांघायहून २०१९ मध्ये आइसलँडला नेलेल्या दोन बेलुगांना ३२,००० चौरस मीटरची खाडी तयार होती, तरी त्यांना पुन्हा आतल्या हौदात आणावे लागले. फ्रान्समधील अँटिबचे समुद्री प्राण्यांचे उद्यान जानेवारी २०२५ मध्ये बंद झाले. विकी आणि कैजो ही ओर्का माय-लेकरे त्यानंतरही महिनोन्महिने तिथेच होती. विकी २००१ मध्ये आणि कैजो २०१३ मध्ये त्याच उद्यानात जन्मले.