एसजीओटी, प्लेटलेट आणि २ चा आकडा

जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस बीच्या मार्गदर्शक सूचना मार्च २०२४ मध्ये बदलल्या. आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त रुग्णांना उपचार मिळू शकतात. त्यामागच्या बदलांपैकी एक दिसायला अगदी छोटा आहे. यकृतावर किती वण पडलेत याचा रक्तावरून अंदाज देणारं एपीआरआय नावाचं गुणोत्तर आहे. त्याच्या आधारे उपचाराचं दार उघडायला ते २ च्या वर जावं लागत असे. आता लक्षणीय फायब्रोसिससाठी, म्हणजे बऱ्यापैकी वणांसाठी, ०.५ आणि सिरोसिससाठी, म्हणजे वणांनी यकृत घट्ट झालेल्या अवस्थेसाठी, १ पुरतं. ही रेषा २ वर का ठेवली गेली आणि तिथे नऊ वर्षं का राहिली, हा खरा विषय आहे.

त्याआधीचं थोडक्यात. सुईने यकृताचा तुकडा काढण्याची जलद पद्धत १९५८ मध्ये आली आणि पुढची चार दशकं तोच शेवटचा शब्द मानला गेला. तो तुकडा म्हणजे यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग. वण सगळीकडे सारखे नसतात, त्यामुळे सुई कुठे गेली यावर उत्तर बदलायचं. १९८० च्या आसपास वणाचा कच्चा माल, म्हणजे कोलॅजेन तयार होताना सुटणारे तुकडे आणि हायलुरोनिक आम्ल, रक्तात मोजता येऊ लागलं. फ्रान्समध्ये २००१ साली रक्तातल्या पाच घटकांना वय आणि लिंगाची जोड देऊन एक सूत्र बांधलं गेलं. त्यात बिलिरुबिन (कावीळीत वाढणारं पिवळं द्रव्य) असल्याने ज्यांचं बिलिरुबिन जन्मतःच थोडं चढं असतं त्यांच्या बाबतीत ते फसायचं. या चाचण्या चांगल्या होत्या, पण खास किट लागायचं, पैसे लागायचे. तालुक्याच्या लॅबमध्ये त्या कधी पोचल्याच नाहीत.

एपीआरआय पोचलं, कारण त्याला नवं काहीच लागत नाही. अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या २७० रुग्णांवरून २००३ मध्ये ते मांडलं गेलं. एसजीओटीला (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम; एसजीपीटी हे तसंच दुसरं) लॅबने सामान्य मानलेल्या कमाल मर्यादेने भागायचं, १०० ने गुणायचं आणि प्लेटलेटने भागायचं. वण वाढले की यकृतातून रक्त सहज वाहत नाही, प्लीहा सुजते, प्लेटलेट तिच्यात अडकतात. एसजीओटी मात्र चढत जातं. (आपल्याकडे रिपोर्टवर प्लेटलेट लाखात असतात. दीड लाख म्हणजे सूत्रात १५०. इथे चूक झाली तर उत्तराला अर्थच उरत नाही.)

मूळ मांडणीत सिरोसिससाठी दोन रेषा होत्या. १ च्या खाली सिरोसिस बहुधा नाही, २ च्या वर बहुधा आहे, आणि मधल्यांबद्दल हे सूत्र काही सांगत नाही. हे मौनच त्या मांडणीचा प्रामाणिकपणा होता.

हिपॅटायटिस बीच्या २०१५ च्या सूचनांनी त्यातली वरची रेषा उचलली. २ च्या वर असेल त्याला उपचारात अग्रक्रम. २ किंवा त्याहून कमी, एसजीपीटी सतत सामान्य आणि विषाणूही कमी, तर उपचार नकोत. कारणं समजण्यासारखी होती. गोळ्या वर्षानुवर्षं, बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागतात. गरीब देशांच्या आरोग्यव्यवस्थेवर विनाकारण बोजा पडायला नको होता. पण २ ही रेषा आखली होती ती खात्री पटवण्यासाठी. जो ती ओलांडतो त्याला सिरोसिस असण्याची शक्यता मोठी. जो ओलांडत नाही त्याच्याबद्दल तिने कधीच काही म्हटलं नव्हतं. त्याच सूचनांसाठी गोळा केलेल्या आकड्यांत हिपॅटायटिस बीमध्ये २ च्या रेषेची संवेदनशीलता ३५ टक्के होती. म्हणजे सिरोसिस झालेल्या तिघांतले जवळपास दोघे त्या रेषेच्या खालीच राहणार, हे रेषा ठरवताना समोर होतं.

त्यात ‘कमाल मर्यादा’ हा शब्द. ती प्रत्येक लॅबची वेगळी असते. एसजीओटी ८०, प्लेटलेट १ लाख १० हजार असा एक माणूस घ्या. लॅबची मर्यादा ४० असेल तर एपीआरआय १.८२, ३५ असेल तर २.०८. रक्त तेच, यकृत तेच, पण एका लॅबच्या कागदावर तो रेषेच्या खाली आणि दुसऱ्यावर वर.

२०२४ मध्ये रेषा खाली आली. आक्षेप असा की ०.५ वर वण नसलेलेही बरेच जण उपचारात येतील. येतील, हे खरं आहे. पण हिपॅटायटिस बीवरच्या टेनोफोविर या औषधाची जेनेरिक गोळी आज स्वस्त आहे, बहुतेकांना ती सोसते, आणि सुटलेला सिरोसिस पुढे यकृताच्या कर्करोगाच्या रूपाने समोर येऊ शकतो. या दोन चुका एका तराजूत घालण्यासारख्या नाहीत.

भारतात २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस सीसाठीही २ चाच आकडा वापरला गेला, पण तिथे त्याने कुणाचा उपचार अडवला नाही. औषध सगळ्यांनाच मिळणार होतं. कोणाला कोणतं, एवढंच त्यावरून ठरायचं.

त्या कार्यक्रमातला दुसरा आकडा फिब-४ चा. वणांचा अंदाज देणारं हेही एक सूत्र: वयाला एसजीओटीने गुणायचं, मग प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांवरून २००६ मध्ये तो बांधला गेला, रेषा १.४५ आणि ३.२५. यात लॅबची मर्यादा लागत नाही, ही मोठी सोय. पुढे फॅटी लिव्हरसाठी तोच घेतला, फक्त रेषा १.३० आणि २.६७ झाल्या. आता जगभर मधुमेहींच्या पहिल्या चाळणीत तोच आहे.

पण यात वयाने गुणायचं असतं. एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट दोन लाख: बत्तिशीतल्या माणसाचं उत्तर १.२, म्हणजे खालच्या रेषेच्याही आत. बासष्टीतल्याचं २.३ च्या वर. पासष्टीनंतर खालची रेषा २ धरा अशी दुरुस्ती झाली. पस्तिशीच्या आतल्यांसाठी मात्र सूत्र भरवशाचं नाही, एवढंच सांगून थांबतात. भारताने २०२१ मध्ये फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, आणि आपल्याकडे हा आजार तिशीतच दिसू लागलाय. शिवाय डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त चढतं, म्हणजे पावसाळ्यात तापाच्या रुग्णाचं हे गणित मांडलं तर ठणठणीत यकृतही सिरोसिसच्या रांगेत जाऊन बसतं. ताप उतरून काही आठवडे गेले की मगच ते मांडावं.