सोडवासोडव व परसंरक्षणाचा हक्क

सोडवासोडव : चालू भांडणात मध्ये पडून माणसे वेगळी करण्याची गावातली रीत. ती फसली की, दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी बळ आणि प्रसंगी हत्यारही वापरण्याच्या कायदेशीर हक्काचा प्रश्न येतो. या हक्काला रूढ असलेला ‘स्वसंरक्षण’ हा शब्द तोकडा आहे, कारण हक्क केवळ स्वतःपुरता नाही. मराठवाड्यात असे प्रसंग बहुधा भावकीतले असतात : बांध, वहिवाटीची वाट, सामाईक विहिरीची पाळी.

आधी धरायचे ते आपल्या माणसाला, समोरच्याला नव्हे. चुलता किंवा मेव्हणा मागून कव घालतो, हातातली काठी दुसरा कोणी काढून घेतो आणि “चल बरं तू घरी” म्हणत त्याला नजरेआड नेतात. समोरच्याला “मामा, तुम्ही तरी ऐका” अशी नात्याची हाक घातली जाते. समोरच्यालाच आधी धरले, तर ‘याने धरून ठेवले व त्याने मारले’ असे फिर्यादीत उतरते आणि सोडवणारा आरोपी होतो. ‘भांडण सोडविण्यास गेला असता’ हे शब्द मात्र दोन्ही बाजूंच्या फिर्यादींत आढळतात.

हक्काचे मूळ : मनुस्मृतीत (८·३४९–३५१) आत्मरक्षणासाठी, तसेच स्त्रिया व ब्राह्मण यांच्या रक्षणासाठी केलेल्या वधाला दोष मानलेला नाही, आततायी (जीव घ्यायला चालून आलेला) मग गुरू, बालक वा वृद्ध असला तरी त्याला मारावे, असेही म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेत (सु. अकराव्या शतकाचा उत्तरार्ध ते बाराव्याचा प्रारंभ) विज्ञानेश्वराने याला मुरड घातली. मारण्याचा हेतू न धरता नुसते निवारण करताना आततायी ब्राह्मण चुकून मेला, तर अल्प प्रायश्चित्त आहे, राजदंड नाही, असा त्याचा निर्णय. ही टीका ज्या कल्याणीच्या चालुक्य दरबाराशी जोडली जाते, ते आजचे बसवकल्याण मराठवाड्याच्या सीमेपासून फार दूर नाही. इंग्लंडच्या जुन्या विधीत दुसऱ्याचा बचाव पती-पत्नी, आईबाप-मूल, धनी-चाकर अशा नात्यांच्या आधारे सांगितला जाई. इंग्रज कायदेतज्ज्ञ मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यातून पुढे १८६० मध्ये संमत झालेल्या भारतीय दंड संहितेने ‘इतर कोणतीही व्यक्ती’ असे म्हणून ही नात्यांची चौकट ओलांडली. तिचा धागा मनूशी जोडण्याचा मोह होतो. परंतु मसुद्यावरील इंग्रज विचारवंत बेंथमच्या विचारांचा ठसा पाहता तो सैलच वाटतो.

मराठवाड्यापुरते १८६० हे वर्ष सरसकट लिहिणे चूक आहे. हैदराबाद संस्थानाची स्वतंत्र दंडसंहिता होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतरही ती लगेच गेली नाही. ‘ब’ वर्ग (म्हणजे मुख्यतः विलीन संस्थानांच्या) राज्यांसाठीच्या १९५१ च्या अधिनियमाने त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून भारतीय दंड संहिता येथे लागू झाली.

सध्याची तरतूद दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (१ जुलै २०२४ पासून). पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हक्क नाही. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही (कलम ३७). समोरच्याचा जीव जाईपर्यंतचे बळ मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा कलम ३८ मधील मोजक्या भीतींपुरते. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो आणि भीती सरताच संपतो (कलम ४०), म्हणून पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला घाव त्यात बसत नाही. हक्काची मर्यादा सद्‌भावाने ओलांडली गेल्यास गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा ठरू शकतो. बचाव दाखवण्याचा भार आरोपीवर असला, तरी संभाव्यतेचे पारडे झुकल्यास पुरते. जिवावर बेतलेल्या क्षणी किती बळ हवे याचे माप सोन्याच्या काट्यावर होत नाही, असा न्यायालयांचा कल आहे. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने याविषयीची तत्त्वे एकत्र मांडली.

नातेवाइकाच्या बाबतीत खरी मेख वेगळी आहे. नात्याने हक्क वाढत नाही आणि घटतही नाही. आपल्याच भावाने आधी कुऱ्हाड उगारली असेल, तर त्याच्या बाजूने हत्यार घेऊन उभे राहणाऱ्याला सहसा हा बचाव मिळत नाही; दोन्ही बाजू ठरवून भिडल्या असतील तर कोणालाच नाही. शिवाय पाच माणसे झाली आणि उद्देश समान ठरला, की बेकायदेशीर जमावाची कलमे (१८९, १९०) लागतात. काठी घेऊन सोडवायला धावलेला अनेकदा हा पाचवा असतो.

हत्यारे : बंदुकीला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो, २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीसाठी बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. परवाना बाळगण्याचा असतो, चालवण्याची मुभा मात्र न्याय संहितेच्या वरील कलमांनीच ठरते. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात, पण शेती व घरकामाची अवजारे वगळलेली आहेत. त्यामुळे ऊसतोडीचा कोयता फडात अवजार असतो. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाईआदेश चालू असताना साधी लाठी घेऊन फिरण्यासही बंदी येऊ शकते, आणि सणवार वा निवडणुकीच्या काळात मराठवाड्यातील जिल्ह्यांत असे आदेश नेहमीचे आहेत.