उद्घोषणेपासून मेटाडेटापर्यंत : गोव्यातल्या स्वतंत्र कलाकाराच्या प्रसिद्धीची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९०२. कोलकात्यात ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर गायिका गौहरजानने गाणे संपवले आणि लगेच इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले. त्या काळच्या कित्येक तबकड्यांच्या शेवटी असे नाव ऐकू येते. कारण व्यवहारातले होते. मेणावर घेतलेले मूळ ध्वनिमुद्रण तबकड्यांच्या छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायचे. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कळत नव्हते. तबकडीवर कोणते लेबल चिकटवायचे हे ते शेवटचे नाव ऐकून ठरवत. आज गाण्याच्या फाइलसोबत जी माहिती भरावी लागते, ज्याला सगळे मेटाडेटा म्हणतात, ती हेच काम करते. रेडिओवरचा प्रचार असो की ऑनलाइन मार्केटिंग, सुरुवात इथूनच होते. गाण्याबरोबर नाव पोचले नाही, तर पुढची सगळी मेहनत दुसऱ्याच्या खात्यात जमा होते.

गोव्याने हे फार सोसले आहे. मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतात अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट असे गोमंतकीय वादक आणि अरेंजर वर्षानुवर्षे राबले. वाद्यवृंदाची स्वरलिपी त्यांनी लिहिली, व्हायोलिनचे ताफे त्यांनी उभे केले. श्रेयनामावलीत मात्र बहुतेक वेळा एकट्या संगीतकाराचे नाव येई. ज्या राज्यातून इतके वाजवणारे गेले, तिथल्या आजच्या कलाकाराने श्रेयाचा रकाना रिकामा सोडावा, हे आम्हाला खरोखर लागते.

गोव्यात रेडिओ आला तो पोर्तुगीज अमलात. १९४६ मध्ये एमिसोरा दी गोवा सुरू झाले आणि पुढे पोर्तुगीज, कोकणी, मराठी अशा अनेक भाषांतून बोलू लागले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि केंद्र आकाशवाणीकडे आले. त्याबरोबर आकाशवाणीची सगळी शिस्तही आली. त्यात मुख्य होती स्वरचाचणी, म्हणजे ऑडिशन. बा. वि. केसकर १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या काळात ही पद्धत देशभर पक्की बसली. कलाकाराने अर्ज करायचा, समितीपुढे गायचे आणि बी, बी-हाय, ए अशी श्रेणी मिळवायची. श्रेणी मिळाली की कार्यक्रमाचा करार, मानधन आणि ठरलेली वेळ. नापास झालेल्याला दुसरे दार नव्हते, कारण दुसरे स्टेशनच नव्हते. हार्मोनियमची गोष्ट तर गोव्याला विशेष जाचक. आकाशवाणीने १९४० पासून या वाद्यावर बंदी घातली होती आणि ती सैल झाली १९७१ मध्ये. म्हणजे गोव्यात आकाशवाणी आली तेव्हा, ज्या गावागावांत भजन पेटीवाचून सुरूच होत नाही, तिथल्या कलाकारांना हाच नियम लागू होता. बोरीसारख्या गावाने तुळशीदास बोरकरांसारखा हार्मोनियमवादक दिला, हे लक्षात घेतले की ती बंदी किती परकी होती ते कळते.

पण त्याच व्यवस्थेची एक गोष्ट आजही हेवा वाटावी अशी होती. आकाशवाणीचा उद्घोषक गायक, कवी आणि संगीतकार ही तिन्ही नावे नीट उच्चारून सांगे. पणजीतल्या आल्तिनोवरच्या केंद्रातून पेडण्यापासून काणकोणपर्यंत एखादे भावगीत पोचले, तर त्याच्याबरोबर कवीही पोचायचा. ही सवय खासगी एफएमने मोडली. दोन जाहिरातींमध्ये गाणे बसवायचे, बोलणे आटोपते घ्यायचे, म्हणून नावे गळाली.

ध्वनीचाही इथे विचार करायला हवा, कारण चुका अजून तिथेच होतात. मध्यम लहरींवर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढचे फारसे पोचत नाही. झांजांची, कासाळ्याची (मोठ्या झांजांची) धार तिथे बोथट होते. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंत येते. पण प्रक्षेपणापूर्वी वरचे स्वर मुद्दाम उचलले जातात आणि मग लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या मर्यादेत रोखणारे यंत्र, त्यांना दाबतो, त्यामुळे गायकाचा ‘स’ आधीच टोचरा असेल तर एफएमवर तो फाटतो. तिसरा श्रोता मोबाइलचा. त्याच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने होणाऱ्या घुमट आरतीचे मुद्रण इथेच फसते. स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर घुमट छाती हलवतो, फोनवर नुसते शामेळ हे दुसरे तालवाद्य आणि कासाळे उरतात. उपाय म्हणजे घुमटाच्या उघड्या तोंडाशी एक माइक ठेवायचा आणि दुसरा चामड्याच्या बाजूने, बोटांचा आघात पकडण्यासाठी. तो आघात मिश्रणात पुरेसा वर ठेवला की लहान स्पीकरवरही ठेका कळतो. शेवटी मिश्रण एकदा मोनोमध्ये ऐकावे. डावा-उजवा एकत्र केल्यावर आवाज पातळ झाला तर दोन माइकांची फेज उलटी आहे, म्हणजे एकाच्या लहरी दुसऱ्याच्या लहरींना खोडतात.

खासगी एफएमची वाट १९९३ मध्ये उघडली. आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे तास खासगी कंपन्यांना विकायला घेतले, त्यात गोवाही होते. १९९८ मध्ये ते बंद पडले. खासगी एफएम परवान्यांच्या २००५ च्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणानंतर पणजीला स्वतंत्र खासगी स्टेशने मिळाली. परवान्याचा खर्च जाहिरातीतून काढायचा, म्हणून बहुतेकांनी हिंदी सिनेगीतांचा आसरा घेतला. मराठी किंवा कोकणी स्वतंत्र गाण्याला तिथे जागा कमी आहे. पण जी आहे ती सण, मुलाखत आणि स्थानिक कार्यक्रमांच्या आसपास आहे. म्हणून गाणे रेडिओ जॉकीला न पाठवता संगीत ठरवणाऱ्या माणसाला पाठवावे, आणि निदान तीन-चार आठवडे आधी. डब्ल्यूएव्ही फाइल, सोबत ३२० केबीपीएसची एमपी३, लांबी साडेतीन मिनिटांच्या आत, गाण्याची सुरावट पहिल्या पंधरा सेकंदांत स्पष्ट. आणि एक ओळ अशी, जी जॉकी तशीच वाचू शकेल: गाण्याचे नाव, गायक, कवी, संगीतकार, गाव. नावाचा उच्चार देवनागरीत लिहून द्यावा. आलापाने सुरू होणारे सहा मिनिटांचे गाणे तसेच पाठवले तर ते ऐकलेही जात नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अमेरिकेत गाणे वाजवण्यासाठी जॉकींना चोरून पैसे देण्याची प्रथा इतकी बोकाळली की १९५९-६० मध्ये संसदीय चौकशी झाली आणि १९६० मध्ये तिच्याविरुद्ध कायदा आला. ‘पेओला’ हा शब्द तिथला. पैसे घेऊन गाणे वाजवून देतो असे कोणी म्हणाले, तर ती जाहिरात आहे की लाच, हे लेखी विचारावे.

मधला कॅसेटचा आणि सीडीचा काळ वेगळा होता. जत्रेतला स्टॉल, तियात्राच्या (कोकणी नाटकाच्या) सभागृहाचे दार, बाजारातले दुकान ही विक्रीची ठिकाणे, आणि मुखपृष्ठावर सगळ्यांची नावे छापलेली.

इंटरनेटने दार उघडले ते आधी अमेरिकेत. १९९८ मध्ये सीडी बेबीने स्वतंत्र कलाकारांच्या सीडी ऑनलाइन विकायला घेतल्या. २००५ मध्ये यूट्यूब, २००८ मध्ये साउंडक्लाउड आणि बँडकॅम्प ही कलाकाराने स्वतः गाणी चढवण्याची संकेतस्थळे. ऑनलाइन गाणी ऐकवणारी स्पॉटिफाय ही सेवा भारतात आली फेब्रुवारी २०१९ मध्ये. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि महिन्याभरात इन्स्टाग्रामचे रील्स भारतात सुरू झाले. गाण्याच्या तीस सेकंदांच्या तुकड्याला तेव्हापासून अख्ख्या गाण्याहून जास्त भाव आहे.

इंटरनेटवर स्वरचाचणी नाही, कोणीही गाणे चढवू शकतो. पण कागद वाढले. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणे अशा सेवांवर पोचवणारी कंपनी, तो देतेच, पण तो वहीत लिहून ठेवणे कलाकाराचे काम. पुढे डिस्ट्रिब्युटर बदलताना तीच फाइल, तोच क्रमांक द्यायचा. नवा दिला तर आधीचे ऐकलेले आकडे शून्यावर येतात. मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा जाहिरात नको.

गोव्यात सर्वांत जास्त गोंधळ स्पेलिंगचा. पोर्तुगीज नोंदी, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड यांत गावकर हे एकच आडनाव रोमी लिपीत तीन तऱ्हांनी सापडते. नाईकाचेही तसेच. पहिले गाणे एका स्पेलिंगने आणि दुसरे दुसऱ्याने चढवले, तर सेवेवर दोन कलाकार तयार होतात आणि श्रोते वाटले जातात. एक स्पेलिंग ठरवावे, दुसऱ्या गाण्यापासून जुने प्रोफाइल निवडून जोडावे. भाषेच्या रकान्यात मराठी की कोकणी हेही खरे तेच भरावे, कारण शिफारशी काही अंशी त्यावरून होतात.

तारखांचे गणित: स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी सुचवावे लागते, एका वेळी एकच. फाइल त्याआधी तिथे पोचलेली हवी, म्हणून डिस्ट्रिब्युटरला चार आठवडे द्यावेत. चतुर्थीची आरती चतुर्थीच्या आठवड्यात चढवणारे दरवर्षी भेटतात. ती दिसू लागते तेव्हा विसर्जन होऊन गेलेले असते.

पैशाच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळत नाहीत. डिस्ट्रिब्युटर देतो तो मुद्रणाचा पैसा. शब्द आणि चाल यांचा पैसा आयपीआरएस या कवी-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडून येतो, आणि त्यासाठी कवी व संगीतकाराने वेगळे सदस्य व्हावे लागते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने सिनेमासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी दिलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या रॉयल्टीतला समान वाटा लेखक-संगीतकाराला राखून ठेवला. तो हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. त्याच दुरुस्तीने रेडिओला ठरलेल्या दराने गाणी वाजवण्याचा वैधानिक परवाना दिला. ती सोय इंटरनेटवरच्या सेवांना लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक स्ट्रीम धरतात. २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत एक हजार स्ट्रीम नसलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. ही अट छोट्या भाषांवर अन्याय करणारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या हजाराच्या भीतीने लोक प्लेलिस्टमधली जागा विकत घेतात. एका रात्रीत पाच हजार स्ट्रीम, सगळे परदेशातल्या एकाच शहरातून, आणि गाणे जपून ठेवणारा एकही नाही, असे दिसले की ते यंत्राने वाजवलेले आहे. सेवा ते ओळखतात, आकडे कापतात, डिस्ट्रिब्युटर दंड लावू शकतो किंवा गाणे उतरवतो.

आणखी एक अडचण पारंपरिक गाण्यांची. तुकोबांचा अभंग किंवा आरती यांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, पण एखाद्या कंपनीने तीच चाल आधी मुद्रित केलेली असेल तर यूट्यूबची यंत्रणा आपोआप दावा ठोकते. घाबरून व्हिडिओ काढू नये. शब्द पारंपरिक, मुद्रण आमचे स्वतःचे, वादकांची नावे अमुक, असे स्पष्ट लिहून आक्षेप नोंदवावा. दावेदाराला उत्तरासाठी तीस दिवस असतात. त्याने उत्तर दिले नाही तर दावा आपोआप सुटतो. मात्र चाल पारंपरिक नसून एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल, तर हा आक्षेप टिकत नाही, म्हणून मुद्रणाच्या आधीच भजनी मंडळातल्या जाणत्या बुवांना विचारून घ्यावे की ही चाल कुणाची.