बांधकाम क्षेत्रातील सुरक्षा संस्कृती

बांधकामाच्या साइटवर मालक, अभियंता, ठेकेदार, मुकादम, गवंडी, बिगारी हे सगळे धोक्याकडे कसे पाहतात आणि कामाची घाई असताना, तपासायला कोणी नसताना प्रत्यक्षात कसे वागतात, त्या अंगवळणी पडलेल्या रीतीला सुरक्षा संस्कृती म्हणतात. ‘सुरक्षा संस्कृती’ ही संज्ञा १९८६ च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञगटाच्या लिखाणातून रूढ झाली. तिच्यामागचा विचार मात्र जुना आहे.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या पुलांच्या कामात दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू होणार, असे धरूनच चालत. गोल्डन गेट पुलाचे (१९३३–३७) मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी हे गृहीतक मानले नाही. त्यांनी हेल्मेट सक्तीचे केले आणि पुलाखाली जाळे बांधले. त्या जाळ्याने १९ जणांचे प्राण वाचवले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक फिरती परांची निखळून जाळे फाडत खाली गेली आणि १० कामगार दगावले. त्या दिवसापर्यंत पुलावर एकच मृत्यू झाला होता. मृत्यू हा कामाच्या खर्चाचा भाग आहे, हे मानणे जिथे थांबते तिथूनच सुरक्षा संस्कृती सुरू होते.

बांधकामात ती रुजवणे कारखान्यापेक्षा अवघड असते. इथे कामाची जागाच रोज बदलते : काल नव्हते ते स्लॅबमधले भोक आज असते, आणि त्यावर टाकलेली फळी उद्या कोणीतरी दुसऱ्या कामासाठी उचलून नेतो. माणसेही बदलतात. मुख्य ठेकेदाराच्या खाली उपठेकेदार, त्याच्या खाली मजूर पुरवणारा, अशा उतरंडीत जबाबदारी विरत जाते. त्यातच काम अंगावर दिलेले असेल, म्हणजे जितके काम तितके पैसे असतील, तर सेफ्टी बेल्ट अडकवण्यात गेलेला वेळ मजुराच्या खिशातून जातो. अशा ठिकाणी मजुराला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे.

पाइप टाकण्यासाठी खणलेला चर पाहिला की हे नीट कळते. एक घनमीटर मातीचे वजन साधारण दीड टन किंवा त्याहून जास्त भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस, तोंड मोकळे असूनही, छाती फुगवता न आल्याने गुदमरतो. उपाय सगळ्यांना ठाऊक असतात : कडा उतरत्या कापणे, भिंतींना आधार देणे किंवा चरात पोलादी पेटी उतरवणे. अमेरिकेच्या नियमांनुसार पाच फूट (सुमारे दीड मीटर) आणि त्याहून खोल चरात, अखंड खडक नसेल तर, असे संरक्षण लागतेच. उपसलेली माती काठापासून किमान दोन फूट दूर ठेवावी लागते आणि जाणकार व्यक्तीने चर रोज, शिवाय पाऊस पडून गेल्यावर तपासावा लागतो. तरीही माणसे मरतात, ती ‘दहा मिनिटांचे तर काम आहे’ या वाक्यामुळे. काठाला समांतर बारीक भेग पडलेली पहिल्यांदा बिगाऱ्याला दिसते. तो ‘वर या’ म्हणाला तर काम थांबते का, आणि भेग किरकोळ निघाल्यावर त्याला बोलणी खावी लागतात का, यावर सगळे ठरते.

धोका दिसताच तिथून बाजूला होण्याचा कामगाराचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या करार क्र. १६७ मध्ये मान्य केलेला आहे. सुरक्षित व निरोगी कामाची जागा हे २०२२ पासून संघटनेच्या मूलभूत तत्त्वांपैकी एक आहे.

थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद हे या संस्कृतीचे दुसरे अंग. औद्योगिक अपघातांचे अमेरिकी अभ्यासक एच. डब्ल्यू. हाइनरिक यांनी १९३१ मध्ये एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० इजा न झालेल्या घटना असे प्रमाण मांडले. या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली आणि ती योग्यच आहे. खरचटणे कमी झाले म्हणून उंचावरून पडून होणारे मृत्यू आपोआप कमी होत नाहीत. ‘इतके दिवस अपघात नाही’ हा फलक आणि त्याला जोडलेला बोनस तर बहुधा नुकसानच करतो. बोनस बुडू नये म्हणून जखमा लपवल्या जातात.

पुष्कळसा धोका मात्र साइटवर काम सुरू होण्याआधी, नकाशावरच टाळता येतो. जोडणी जमिनीवर करून तयार भाग वर चढवला तर उंचावरचे कामच घटते. ब्रिटनने १९९४ च्या नियमांनी मालक आणि आराखडा करणाऱ्यांवरही जबाबदारी टाकली. लंडनच्या २०१२ ऑलिंपिकसाठीचे ऑलिंपिक पार्क एकही कामगार अपघाती न दगावता उभे राहिले.

आजार मात्र अजूनही दुर्लक्षित आहेत. दगड, काँक्रीट, टाइल कोरडी कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस बहुधा अनेक वर्षांनी उघड होतो. तोवर ती साइट बंद झालेली असते, ठेकेदार बदललेला असतो आणि तो मृत्यू अपघातांच्या कोणत्याच रजिस्टरमध्ये येत नाही. पात्यावर पाणी सोडून कापले किंवा यंत्रालाच धूळ ओढणारी नळी जोडली, तर यातली बरीच धूळ उडतच नाही.